तिसरी हाक

गांगुर्डे साहेब माझ्या दारात आले तेव्हा माझ्या अर्ध्या गालाला साबण होता आणि अर्धी दाढी झालेली होती.

"सावळेराम, आहेस का रे घरात?"

हा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता. पिंपळदऱ्याच्या कोर्टात साहेब तीन वर्षं न्यायाधीश होते आणि ती तिन्ही वर्षं मी त्यांचा पट्टेवाला; खेड्यावरची माणसं मला नाईकभाऊ म्हणायची. आत साहेबांनी दाव्याचा कागद उचलला की बाहेर येऊन पक्षकाराच्या नावाने ओरडायचं, हे माझं मुख्य काम. त्याला पुकारा म्हणतात. माझा आवाज एस.टी. स्टँडपर्यंत जातो असं लोक म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडायचं.

तेरा वर्षं झाली त्या सकाळीला. साहेब तेव्हा रिटायर होऊन आमच्याच गावात राहत होते आणि नगराध्यक्षाच्या निवडणुकीला उभे होते. अपक्ष. कपबशी हे चिन्ह. मतदान पुढच्या बुधवारी होतं आणि ही गुरुवारची सकाळ. त्यांच्याबरोबर एकही माणूस नव्हता. उमेदवार एकटाच फिरतोय म्हटल्यावर मी ओळखलं, मत मागायला आलेले नाहीत.

"या ना साहेब, बसा. कौसल्या, साहेब आलेत, चहा टाक."

"चहा राहू दे. हे वाच."

त्यांनी खिशातून एक गुलाबी पत्रक काढलं. समोरच्या पॅनेलचं होतं, बाबूशेठ कडलगांचं. वर मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'जज्जसाहेबांचा न्याय पाहा. हाक न मारताच विधवेचा दावा काढून टाकला.' खाली एका म्हाताऱ्या बाईचा फोटो. डोक्यावर पदर, डोळे बारीक केलेले.

"हौसाबाई केरू तुपे," साहेब म्हणाले. "आठवते?"

"नाव ऐकल्यासारखं वाटतंय."

वाटतंय कसलं. बाई चेहऱ्यासकट आठवत होती मला.

"मला आठवत नाही," साहेब म्हणाले. "नऊ वर्षं झाली. काल नक्कल काढून बघितली. उन्हाळी सुट्टीच्या आदल्या दिवशीची तारीख आहे. लिहिलंय की पुकारा केला, वादी गैरहजर, वकील गैरहजर, दावा काढून टाकला. खाली सही माझी. आता ही बाई म्हणते की ती दिवसभर गेटजवळच्या लिंबाखाली बसून होती आणि तिला कुणी हाकच मारली नाही."

"लोक काय, निवडणुकीत काहीही बोलतात साहेब."

"ते सोड. मी तुला एकच विचारायला आलोय. निवडणूक गेली तर गेली, माझं पोट काही तिच्यावर नाही. पण माणूस बाहेर बसलेला असताना हाक न मारता त्याला काढून टाकलं, हे माझ्या नावावर नको. माझ्या बापाचं तुला माहीत आहे." त्यांनी पत्रकाची घडी घातली. "लिंबाखाली जाऊन तिसरी हाक मारली होतीस?"

साबण गालावर वाळत चालला होता. मी विचारलं, "आणि मारली नसली तर?"

"तर रविवारच्या सभेत तसं सांगून टाकीन. तुझी चौकशी लागेल कदाचित. मी तुझ्या बाजूने लिहून देईन जे काय द्यायचं ते."

चौकशी. माझ्या रिटायरमेंटला वीस महिने राहिले होते. चौकशी लागली की पेन्शन अडकतं, आणि अडकलेलं पेन्शन सोडवता सोडवता माणसं म्हातारी झालेली मी त्याच कोर्टात बघितली होती. कौसल्या दारामागे कप हातात घेऊन उभी होती, कान इकडे.

"मारली होती साहेब," मी म्हणालो. "लिंबाखाली जाऊन मारली होती."

साहेबांनी खांदे सैल सोडले. माझ्या पाठीवर थाप मारली, चहासुद्धा प्यायले. "बरं झालं बाबा. रात्रभर डोळा नव्हता. तुझा शब्द आहे म्हटल्यावर मला दुसरा कागद नको," असं म्हणाले आणि गेले. त्यांची पाठ कोपऱ्यावर वळेपर्यंत कौसल्या कौतुकाने बघत होती. मी उरलेली दाढी केली तर दोन ठिकाणी कापलं.

साहेबांच्या बापाचं मला माहीत होतं, कारण त्यांनी पहिल्याच दिवशी मला ते सांगितलं होतं. बाप बाजार समितीत मापाडी. एका कानाने बहिरा. घराच्या जागेचा दावा होता, त्यासाठी बिचारा दर तारखेला दहा मैल चालत जायचा. एकदा कोर्टाबाहेर झाडाखाली बसला होता तेव्हा पट्टेवाल्याने दारातूनच नाव पुकारलं, ते याला ऐकू आलं नाही. दावा गेला, जागा गेली. साहेब तेव्हा अकरावीला होते. "त्या दिवशी ठरवलं," मला म्हणाले होते, "आपण त्या खुर्चीवर बसायचं आणि हाक नीट मारायला लावायची." मग वकिली केली, परीक्षा दिली, दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास होऊन न्यायाधीश झाले. चार तालुके फिरून आमच्याकडे आले.

आल्या आल्या त्यांनी नियम घातला. पहिली हाक दारात. दुसरी व्हरांड्याच्या टोकाला. तिसरी गेटजवळच्या लिंबाखाली जाऊन, कारण खेड्यावरची माणसं तिथंच बसतात. तिन्ही हाका झाल्या की आत येऊन सांगायचं. वकील हसले, 'तीन हाका कोर्ट' असं नाव पाडलं. मी तर वैतागलोच. एप्रिलच्या उन्हात दिवसातून तीस वेळा लिंबापर्यंत जायचं आणि यायचं म्हणजे काय चेष्टा आहे का? पण गावाने ते लक्षात ठेवलं. बारा वर्षांनी माणूस निवडणुकीला उभा राहतो आणि म्हातारेकोतारे म्हणतात, हा हाक मारल्याशिवाय कुणाला काढत नाही, याला मत द्यायचं. साहेबांची सगळी इस्टेट म्हणजे तेवढंच बोलणं.

आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी मी काय केलं, ते आता सांगतो.

हौसाबाईचा दावा तिच्या दिराविरुद्ध होता, दिनकर तुपेविरुद्ध. तिच्या घराचं दार पुढच्या अंगणात उघडायचं. अंगण सामाईक. दिनकरला ते दार भिंत घालून बंद करायचं होतं. दावा चालू होता तोवर कोर्टाची मनाई होती, भिंत घालता येत नव्हती. त्या दिवशी हौसाबाईचा वकील जिल्ह्याला गेला होता. त्याने तिला सांगून ठेवलं होतं की नाव आलं की आत जा आणि पुढची तारीख माग, बस.

दुपारी कॅन्टीनमध्ये दिनकर माझ्यासमोर येऊन बसला. कांदाभज्यांची प्लेट मागवली. खोटं सांगणार नाही, पैसे त्याने दिले नाहीत आणि मी मागितले नाहीत. भजी खाता खाता तो म्हणाला, "सावळेराम, खरं कोर्ट तर तूच आहेस राव. जज्ज आत बसतो, पण तू ज्याचं नाव घेशील तोच आत जातो." मी हसलो. आवडलं मला. तीस वर्षं ओरडत होतो, असं कुणी बोललं नव्हतं. मग तो म्हणाला, "वहिनीचं नाव जरा हळू घे आज. कामाला गर्दी आहे, साहेबांनाही सुट्टीला जायचंय. एवढंच."

एवढंच. पावणेतीनला साहेबांनी तिचा कागद उचलला. मी दारात आलो आणि स्वतःशी बोलावं तसं नाव घेतलं. व्हरांड्याच्या टोकाला खांबाआड गेलो आणि पुन्हा तसंच. लिंबाकडे गेलोच नाही. खांबाआड विडीभर वेळ उभा राहिलो आणि आत गेलो.

"तिन्ही झाल्या?" साहेबांनी मान वर न करता विचारलं.

"झाल्या साहेब."

तोंडाला भज्यांचा वास येतोय की काय असं वाटून मी मागे सरकलो, हे मला लख्ख आठवतंय. आठ दिवसांत दिनकरने भिंत घातली. हे सगळं एका प्लेट भज्यांवर. लाज वाटते म्हणून इतकी वर्षं कौसल्येलाही सांगितलं नाही.

रविवारी साहेबांची सभा बाजारतळावर होती, सकाळी दहाला. सरकारी नोकराने सभेला जायचं नसतं, म्हणून मी पानाच्या टपरीमागे उभा राहिलो, भाजी घ्यायला आलोय असं दाखवत. हातात पिशवी, पिशवीत मेथीची एक जुडी. बाजाराचा दिवस, त्यामुळे गर्दी मायंदाळ. स्टेज म्हणजे एक टेम्पो, फळी पाडलेला. साहेब फळीवर उभे राहून बोलायला लागले तोच एक जीप आली. जीपमधून कडलगांची चार पोरं उतरली आणि त्यांच्यामध्ये हौसाबाई. मागून दिनकर तुपे. होय, तोच. ज्याने भिंत घातली तोच आता कडलगांच्या प्रचाराचा प्रमुख होता आणि आपल्याच वहिनीला जीपमध्ये घालून गावभर फिरवत होता, जज्जाने हिचं वाटोळं केलं म्हणून. माणूस किती कोडगा असू शकतो ते मी त्या दिवशी पाहिलं. मग वाटलं, तू कोण मोठा लागून गेलास.

"जज्जसाहेब, आधी या माउलीला उत्तर द्या," एक पोरगा ओरडला.

साहेबांनी माइकवरून सांगितलं, "बाईंना पुढे येऊ द्या. खुर्ची द्या त्यांना." खुर्ची आली, पण हौसाबाई बसली नाही, तिची पाठ धरून उभी राहिली. साहेब म्हणाले, "हे पत्रक मी वाचलं. मी हौसाबाईंचा दावा काढून टाकला, हे खरं आहे. पण हाक मारली नाही, हे खरं नाही. तेव्हा माझ्या कोर्टात जो पट्टेवाला होता त्याच्याकडे मी स्वतः जाऊन विचारलं. त्याने मला शब्द दिलाय. तिसरी हाक लिंबाखाली जाऊन मारली होती. त्या माणसावर माझा माझ्याइतका विश्वास आहे. बाईंचा काहीतरी गैरसमज झालाय."

टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारे, या वयात तरी खरं बोल." हशा झाला. हौसाबाईने वळून त्या दिशेने बघितलं आणि तिचं तोंड गोरंमोरं झालं. दिनकर गालात हसत होता. त्याला काय, तिची फजिती झाली काय आणि साहेबांची झाली काय, दोन्हीकडून फायदाच.

मी पिशवीत हात घालून मेथीची पानं खुडत होतो. वाटलं, आता पुढे जावं. तसाच उभा राहिलो.

"मी खोटं कशाला बोलू साहेब?" हौसाबाई म्हणाली. माइक नव्हता तिच्याकडे, पण माणसं गप्प झाली म्हणून ऐकू येत होतं. "ही पोरं म्हनली चल, म्हनून आले. मला तुमच्या विलेक्शनचं काय बी कळत न्हाई. पण मी लिंबाखालीच व्हते."

"कशावरून?" साहेबांनी विचारलं. रागाने नाही, कोर्टात विचारायचे तसं.

"मला नाईकभाऊंनीच तिथं बसवलं. मी सकाळधरनं व्हरांड्यात दाराशीच उभी व्हते. तर ते म्हनले, मावशे, हितं गर्दी करू नको, तिकडं लिंबाखाली सावलीला बस. नाव आलं की तिथं येऊन हाक मारतो. आमच्या साहेबांचा नेमच हाय, म्हनले."

हे मी विसरलो होतो. खरंच सांगतो, शपथेवर सांगतो, ते मी विसरलो होतो. किंवा विसरायचं ठरवलं होतं. सकाळी साडेदहाला मीच तिला उठवून तिकडे पाठवलं होतं. तेव्हा मनात काही पाप नव्हतं, भजी दुपारची. पण ती दारात उभी राहिली असती तर माझं कितीही हळू बोलणं तिने ऐकलं असतं.

"मी पान्याला बी उठले न्हाई," ती म्हणाली. "उठले आन् तेवढ्यात हाक आली तर?"

साहेबांचा चेहरा बदलला होता. त्यांनी माइक बाजूला केला आणि टेम्पोवरून खाली उतरले, तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "दुसऱ्यांची नावं ऐकू आली तुम्हाला?"

"आली की. समद्यांची आली. आंधळे मास्तरांचं आलं, मग त्या पठाणाचं आलं, मग सोसायटीवाल्यांचं. प्रत्येक डाव नाईकभाऊ लिंबाखाली येऊन वरडले. त्यांचा आवाज का थोडाथोडका हाय? स्टँडापातूर जातो." लोक हसले, माझा आवाज सगळ्यांनाच माहीत होता. ती हसली नाही. "माझंच न्हाई आलं. कोर्ट उठलं तवा मी जाऊन इचारलं, भाऊ, माझं नाव? तर म्हनले, तुझं कवाच झालं, मावशे, जा घरी."

मी म्हणालो होतो तसं. हेच शब्द होते.

साहेबांनी मान वर केली आणि गर्दीवरून नजर फिरवली. मी टपरीमागे होतो तरी त्यांना दिसलो. किती वेळ बघत होते सांगता येणार नाही. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्यांनी तिथं माझ्या नावाने हाक मारली असती तर मी पुढे गेलो असतो आणि सगळं सांगितलं असतं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. दोन पावलं होती फक्त, हाकेची काय गरज होती.

साहेब परत टेम्पोवर चढले. माइक हातात घेतला.

"मी आत्ता जे बोललो ते मागे घेतो," ते म्हणाले. "बाई खरं बोलताहेत. त्यांना हाक मारली गेली नाही. चूक कोर्टाची आहे आणि कोर्ट म्हणजे मी. माझ्या खुर्चीच्या उजव्या हाताला खिडकी होती, त्यातून लिंब दिसतो. नुसती मान वळवली असती तरी या बाई बसलेल्या दिसल्या असत्या. मी वळवली नाही, मला सुट्टीला जायची घाई होती. हौसाबाई, मला माफ करा. आणि मघाशी चार माणसांत तुम्हाला खोटं पाडलं, त्याबद्दल वेगळी माफी."

त्यांनी हात जोडले. त्यांचे कार्यकर्ते एकमेकांकडे बघायला लागले. मी पिशवी घेऊन मागच्या बोळाने घरी आलो. कौसल्येने विचारलं, "भाजी एवढीच?" मी म्हणालो, हो.

दुपारपासून रिक्षा फिरायला लागल्या, 'जज्जसाहेबांनी गुन्हा कबूल केला.' बुधवारी मतदान, गुरुवारी मोजणी. साहेब दोनशे बारा मतांनी पडले. गुलाल उधळत कडलगांची मिरवणूक गेली त्यात दिनकर खांद्यावर होता. हौसाबाईला कुणी जीपमधून घरी सोडलं की ती चालत गेली, मला माहीत नाही.

माझी चौकशी झाली नाही. साहेबांनी कुणालाच काही लिहून दिलं नाही. रोज वाटायचं आज नोटीस येईल, आज येईल. ती आली नाही, साहेब आले.

मोजणीनंतरच्या सोमवारी सकाळी अकराला मी व्हरांड्यात आलो तर लिंबाखाली साहेब. चहावाल्याचं बाकडं ओढून बसलेले, मांडीवर एक वही. खेड्यावरची माणसं त्यांच्याभोवती. कुणाचा अर्ज लिहून देत होते, कुणाला तारखेचा अर्थ सांगत होते, सगळं फुकट. हौसाबाईचा दावा पुन्हा चालवावा म्हणून त्यांनी पहिला अर्ज तिचाच लिहिला. तो नऊ वर्षांच्या उशिरावर नामंजूर झाला.

मी पहिलं नाव पुकारलं. दारात एक हाक, टोकाला दुसरी. नव्या साहेबांच्या कोर्टात तिसऱ्या हाकेचा नियम नव्हता, म्हणून मी वळलो. तेवढ्यात लिंबाखालून तेच नाव आलं. साहेब उभे राहून पुकारत होते. त्यांचा आवाज बारीक, चिरका, अर्ध्या आवारातसुद्धा पोचत नव्हता. नाव पुकारून ते आजूबाजूला बघायचे, कुणी उठतंय का म्हणून. मग खाली बसायचे.

वीस महिने हे चाललं. दिवसाला पंधरा हाका म्हणा, वीस म्हणा. मी पुकारायचो आणि माझ्यामागून ते. वकील आधी हसले, मग कुणी हसेना. नव्या साहेबांनी एकदा खिडकीतून बघितलं आणि पुढचा कागद उचलला. मी जवळून गेलो की नमस्कार करायचो. ते म्हणायचे, "कसे आहात, सावळेराम?" आधी मला ते अरे-तुरे करायचे. आता 'तुम्ही' म्हणत होते. दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं, उलट मान दिला म्हणाले असते. मला मात्र ते 'तुम्ही' घरी जाईपर्यंत पुरायचं.

रिटायर झालो त्या दिवशी कोर्टात निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, पेढे. तीन वकील माझ्या आवाजावर बोलले. एक म्हणाला, "सावळेरामच्या हाकेने कित्येकांना न्याय मिळाला." मी खाली बघत बसलो, त्यांना वाटलं मन भरून आलंय. साडेचारला सगळं आटपलं आणि मी शाल-नारळ घेऊन सरळ लिंबाकडे गेलो. साहेब वही बांधत होते.

"साहेब, त्या दिवशी मी इथं आलो नव्हतो."

"माहीत आहे."

"दिनकर तुपेने भजी खायला घातली होती. नाव हळू घे म्हणाला."

"भजी माहीत नव्हती," ते म्हणाले. जरा वेळ वहीची नाडी बोटाला गुंडाळत राहिले. "भज्यांवर गेलं होय सगळं."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साठीच्या माणसाने कोर्टाच्या गेटवर रडू नये, पण काय करणार. "सभेत माझं नाव का घेतलं नाहीत? तुमची निवडणूक वाचली असती."

"लोकांनी तुम्हाला धरलं असतं आणि मी सुटलो असतो. खिडकी माझीच होती ना."

"मला माफ करा साहेब."

"मला काय मागताय?" ते पहिल्यांदा चिडले. "माझं काय गेलं? एक खुर्ची. तिचं दार गेलंय. वीस महिने मी तुमच्या वाट्याच्या हाका मारल्या, पण तिच्या नावाची मला मारता येत नाही. ती तुमच्याकडे राहिलीय. जा."

मी गेलो. त्याच दिवशी, तसाच, खांद्यावर शाल आणि हातात नारळ. तुपे आळी कोर्टापासून दहा मिनिटं. उन्हं उतरली होती, बाया ओट्यावर धान्य निवडत होत्या. मला बघून एक म्हणाली, "नाईकभाऊ, आज सुटलात म्हणे." मी मान हलवली.

अंगण सापडलं. दिनकरची मोटारसायकल उभी होती. समोर हौसाबाईचं घर, म्हणजे घराची पाठ असावी तशी एक सलग भिंत. मध्ये दाराच्या मापाएवढ्या जागेत विटांचा रंग वेगळा दिसत होता. वर कडलगांच्या प्रचाराची अक्षरं, अर्धी उडालेली. दाराच्या पायऱ्या मात्र तशाच होत्या, दोन, दगडी. त्या चढून जायला पुढे काही नव्हतं.

मी नारळ खालच्या पायरीवर ठेवला. काय बोलायचं ते ठरवून आलो नव्हतो. मला दुसरं काही येतही नव्हतं. म्हणून छाती भरून घेतली आणि पुकारलं,

"हौसाबाई केरू तुपे."

ओट्यावरच्या बाया थांबल्या. दिनकर दारात आला आणि मला बघून तिथंच उभा राहिला.

"हौसाबाई केरू तुपे."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. तिसऱ्यांदा मी भिंतीला अगदी लागून उभा राहिलो, तोंड विटांजवळ नेलं, आणि स्टँडपर्यंत जाईल असं ओरडलो, "हौसाबाई केरू तुपे, हाजीर हो."

"आले, आले," भिंतीमागून म्हातारा आवाज आला, घाईघाईचा. "कोन हाय? जाऊ नका हां, आले मी. हिकडनं दार न्हाई, भाऊ. मागनं वळसा घालून यावं लागतं."

मी थांबलो. तिला यायला बराच वेळ लागला.